‘इट’चा पत्ता मुलुंडात

मुंबईला मी याआधी दोनदा गेलो होतो. एकदा डोळे तपासायला आणि एकदा धाकट्या बहिणीचं लग्न लावायला. दोन्ही वेळा मी गेलो काय आणि आलो काय, मुंबईला त्याची खबरबात नव्हती. या तिसऱ्या खेपेला मात्र मुंबईने मला बोलावलं होतं, तेही रजिस्टर पोस्टाने.

शाळा गावात आणि तिची कमिटी मुंबईत, हे आमच्या कोकणात नवं नाही. कणकवलीच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या हायस्कुलाची कौलंसुद्धा मुंबईत सभा भरल्याशिवाय बदलत नाहीत. या कमिटीचे अध्यक्ष तात्या घाडीगावकर. मुलुंडला त्यांचा स्वतःचा ब्लॉक आहे आणि प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत आहे. गेल्या गणपतीत ते गावी आले असताना आठवीच्या वर्गाच्या खिडकीखाली पाच मिनिटं उभे राहिले होते. आत माझा इंग्रजीचा तास चालला होता. त्या पाच मिनिटांचं फळ म्हणजे हे पत्र: ‘खिडकीबाहेरून ऐकले असता आपल्या इंग्रजीच्या तासाला शिस्त नसून हास्यविनोद चालतो असे आढळले. तरी वार्षिक सभेत आपण एक नमुना पाठ घ्यावा. पाठ समाधानकारक न वाटल्यास जूनपासून इंग्रजी विषय नवीन शिक्षकांकडे देऊन आपणांकडे कार्यानुभव देण्यात येईल.’

कार्यानुभव म्हणजे आमच्या शाळेत सुतळी वळणं. अठरा वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाने आता काथ्या भिजत घालायचा.

हास्यविनोद चालतो हे मात्र खरं. माझं मत असं, की इंग्रजीला घाबरणाऱ्या पोराला आधी तिच्यावर हसायला शिकवावं. एकदा हसलं की ते पोर तिच्याशी भांडायला लागतं, आणि भांडणाऱ्याला भाषा येतेच. इंग्रजीत हसण्यासारखं म्हणाल तर जागोजाग. ‘इट इज रेनिंग’ म्हणतात, पण पाऊस पाडणारा हा ‘इट’ कोण, ते कोणी सांगत नाही. म्हणून मी वर्गाला उभं करून विचारतो आणि वर्ग एका सुरात उत्तर देतो.

‘पाऊस कोण पाडतो?’

‘इट.’

‘अंधार कोण करतो?’

‘इट.’

‘उशीर कोण लावतो?’

‘इट.’

‘मग हा इट राहतो कुठे?’

‘पत्ता नाही, सर.’

पाढे आमच्याकडे असेच म्हणतात, मग इंग्रजीने काय घोडं मारलंय? पण तात्यांना यात तमाशा दिसला.

गुरुवार, मुलुंड

एस.टी.च्या रात्रभराच्या प्रवासाबद्दल काही सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून पटणार नाही.

उतरलो बहिणीकडे. सुमती मुलुंडला एका सोसायटीत राहते. आमच्याकडे सोसायटी म्हणजे खताची पोती आणि थकबाकीदारांची यादी. मुलुंडात सोसायटी म्हणजे चार मजल्यांची इमारत, तिला एक चेअरमन, एक सेक्रेटरी आणि खाली खुर्चीत झोपलेला एक वॉचमन. वॉच करणारा तो वॉचमन, हे मी पोरांना शिकवलं होतं. आता त्यात दुरुस्ती करावी लागेल.

सुमतीने कुळथाची पिठी केली. कुळथाचं पीठ मीच आणलं होतं, पण मुंबईच्या पाण्याने तिची चव थोडी शहाणी झाली होती. ती ताटाशी बसून माझ्याकडे बघत राहिली.

‘दादा, तू एकदम कसा काय आलास रे? परीक्षा तोंडावर आल्यायत ना?’

‘सहज,’ मी म्हणालो.

‘तू आणि सहज? बापजन्मी कुठे सहज गेलायस तू?’

मी पिठीची स्तुती केली आणि विषय बदलला. खरं सांगायला लाज वाटली. या बहिणीच्या सासरी मी ‘आमचे इंग्रजीचे सर’ म्हणून ओळखला जातो. तिच्या नवऱ्याचे ऑफिसचे अर्जसुद्धा टपालाने माझ्याकडे तपासायला येत. त्या घरात सुतळीचे सर होऊन पाय कसा ठेवायचा?

दुपारी मी पाठ लिहायला बसलो. यावेळी इट नाही, बीट नाही. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातून नव्या पद्धतीचा पाठ उतरवून काढला. घड्याळाचं चित्र दाखवायचं, ‘व्हॉट इज धिस’ विचारायचं, एकेकाने हात वर करून उत्तर द्यायचं. आठ पानं झाली. एवढं नीरस लिखाण मी आयुष्यात केलं नव्हतं, त्यामुळे ते तात्यांना नक्की आवडेल अशी मला खात्री वाटली.

शुक्रवार, आरे कॉलनी

मुंबईला निघालेला माणूस म्हणजे आमच्या गावात चालतं पोस्ट ऑफिस. माझ्याकडेही दोन बोचकी सोपवली होती. एक आरे कॉलनीत शांताराम गुरवला द्यायचं होतं आणि दुसरं घाटकोपरला सुलभा मेस्त्रीला. दोघंही माझेच जुने विद्यार्थी.

मुलुंडहून पवईमार्गे दोन बस बदलून आरेत गेलो. मुंबईत असा भाग आहे हे गावी कोणाला सांगितलं तर ते मला खोटारडा म्हणतील. दोन्ही बाजूंना झाडी, उतारावर हिरवंगार गवत, मध्येच एखादा आदिवासी पाडा. कंडक्टरने मला एक थांबा आधीच उतरवलं आणि मी भर जंगलातून बोचकं डोक्यावर घेऊन चालू लागलो. एका म्हातारीला वाट विचारली तर तिने माझ्याकडे बघून काठी पुढे केली. म्हणाली, ‘घेऊन जा. संध्याकाळचा वाघ फिरतो.’ सकाळचे अकरा वाजले होते. तरी मी काठी घेतली.

इथे म्हशी जिथे राहतात त्याला युनिट म्हणतात आणि प्रत्येक युनिटला नंबर असतो. माणसं राहतात त्या खोल्यांना मात्र नुसतं चाळ. म्हशीच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. म्हणजे मुंबईत म्हशीलाही पत्ता आहे, फक्त आमच्या इटलाच नाही, असं मनात येऊन मी स्वतःशीच हसलो. मग रविवारची सभा आठवली आणि हसू गेलं.

शांताराम गोठ्यात धार काढत होता. वडिलांच्या मागोमाग गिरणीत लागला होता, पण संपात गिरणी सुटली ती सुटलीच. आता या तबेल्यावर आहे. दंडांना पीळ पडलेला, ओठावर झुपकेदार मिशा. मला पाहिलं आणि बादली खाली ठेवून ताठ उभा राहिला.

‘सर, तुम्ही हंय? आवशीन धाडलान काय?’

मी त्याच्या आईने दिलेलं बोचकं पुढे केलं. त्याच्या बायकोने ताज्या चिकाचा खरवस पुढे ठेवला. वेलची घातलेला, सुरीने कापताना थरथरणारा. मी दोन वड्या खाल्ल्या, तिसरीला नको म्हणालो आणि चौथी खाल्ली. एवढ्या वेळात शांताराम दाराशी उभाच होता.

‘बस की रे,’ मी शेवटी म्हणालो.

‘तुम्ही सांगल्याशिवाय कसो बसतलंय?’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या वर्गाचा नियमच तसा आहे: सर आले की उभं राहायचं आणि सर ‘सिट डाऊन’ म्हणेपर्यंत बसायचं नाही. शाळा सोडून याला बारा-तेरा वर्षं झाली असतील.

‘सिट डाऊन,’ मी म्हणालो. तो बसला आणि मग खरवसाला हात लावला.

रविवारच्या सभेचा विषय त्यानेच काढला. ‘सभेक कोण जाता, सर? दोन बिस्किटा नि तात्यांचा भाषण.’ मी मान डोलावली. पत्र माझ्या खिशातच होतं, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेलं. ते काढून याच्यापुढे ठेवावं असं एकदा मनात आलं. पण ज्याच्यासमोर आपण सर आहोत त्याच्यासमोर रडगाणं कसं गायचं? उद्या घाटकोपरला सुलभाकडे जायचंय, एवढंच सांगून मी निघालो. म्हातारीची काठी परत करायला मात्र विसरलो नाही.

शनिवार, घाटकोपर

सुलभा मेस्त्री घाटकोपरच्या एका इस्पितळात नर्स आहे आणि डोंगरावरच्या चाळीत राहते. डोंगर चढताना मला गावच्या घाटीतही लागत नाही एवढी धाप लागली. शेजारच्या गुजराती बाईने दारातच पाणी दिलं आणि पाठोपाठ खांडवीची बशी. ओळख ना पाळख. आमच्याकडे आधी कुठले, कोणाचे, असं विचारतात आणि मग पाणी देतात. दोन्ही रीती चांगल्या आहेत, पण चढण चढून आलेल्याला गुजराती रीत जास्त बरी.

सुलभाची ड्यूटी नुकतीच संपली होती. तिला सगळे सिस्टर म्हणतात. ऐंशी वर्षांची आजीही तिला बहीण म्हणते आणि पाच वर्षांचं पोरही. आणि दुसरीकडे काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा, सगळे एका अंकलात कोंबलेले. नात्यांच्या बाबतीत इंग्रज फार गोंधळलेला माणूस असावा.

‘सर, तुमचा तो के आठवतो ना?’ ती चहा गाळता गाळता म्हणाली.

आठवायला काय झालं, तो माझाच के. ‘नाइफ’मध्ये पुढे के लिहायचा आणि वाचायचा मात्र नाही. त्यावर मी वर्गाला विचारतो:

‘नाइफच्या दारात कोण उभा?’

‘के.’

‘करतो काय?’

‘गप्प बसतो.’

‘मग हाकलू काय?’

‘नको सर, घरचा आहे.’

‘मी इथे नवीन लागले ना,’ सुलभा सांगत होती, ‘तेव्हा डॉक्टर आणि बाकीच्या मुली फाडफाड इंग्रजी बोलायच्या. पहिल्या दिवशी वाटलं, वाट लागली, घरी पळून जावं. मग चार्टवर एक शब्द दिसला, त्यातही असाच एक फुकटा बसलेला. मला हसूच आलं. एकदा हसले आणि भीती गेली. मग शिकले पटापट.’

हिने हे सांगावं आणि माझ्या पिशवीत ती आठ पानं असावीत, याची मला शरम वाटली. पण पानं फाडून टाकायचं धैर्य नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस नोकरीत फार शूर नसतो.

संध्याकाळी मुलुंडला परत आल्यावर पाठ एकदा वाचावा म्हणून खिशात हात घातला तर चष्मा नाही. घरासकट गेलेला, आणि घरात पत्र. पिशवी उपडी केली, कोट झाडला. बसमध्ये पडला की आरेत की डोंगरावर, काही आठवेना. भावोजींनी आपला चष्मा दिला. तो लावल्यावर मला सुमतीच्या दोन सुमती दिसल्या आणि पाठाच्या पानांवर नुसत्या मुंग्या.

‘उद्या कुठे जायचंय तुला, एवढा का घाबरलायस?’ सुमतीने विचारलं.

मग सांगितलं. सगळं सांगितलं. तिने सांडलेल्या वस्तू पिशवीत भरल्या. नंतर म्हणाली, ‘दादा, मला ए बी सी डी तू शिकवलीस, चुलीपुढे बसून, राखेत. ते तात्या काय समजतात स्वतःला? मी येणार उद्या.’

रविवार, मुलुंड

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. शंभरेक सभासद, सगळे आमच्याच पंचक्रोशीतले. कोणी ऑफिसात, कोणी कारखान्यात, कोणी संपानंतर मिळेल ते करणारे. पुढच्या दोन बाकांवर त्यांची पंधरा-वीस मुलं बसवली होती, नमुना पाठासाठी. बूट, मोजे, केसांना तेल. सगळी इंग्रजी शाळेतली. टेबलामागे तात्या घाडीगावकर, समोर पाण्याचा तांब्या आणि कोरा कागद.

‘मास्तर, पटापट आटपा,’ ते म्हणाले. ‘पाच वाजता हॉल सोडायचाय.’

मी फळ्यापुढे उभा राहिलो आणि पानं काढली. मुंग्याच मुंग्या. पहिलं वाक्य पाठ होतं, ते म्हटलं. घड्याळाचं चित्र दाखवलं. एका मुलीने हात वर केला, मी मान हलवली, तिने उठून ‘धिस इज अ क्लॉक’ म्हटलं आणि ती बसली. पुढचं वाक्य आठवेना. मी पान डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं. मागे कोणीतरी खोकलं. तात्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सुतळीच असणार ती.

मग मी पानं टेबलावर ठेवून दिली. जायचंच आहे तर आपल्या पायांनी जावं, असं वाटलं. मुलांना म्हणालो, ‘स्टँड अप.’ मुलं उभी राहिली.

‘पाऊस कोण पाडतो?’

आणि नेहमीच्या सवयीने थांबलो. वर्ग उत्तर देणार, मग मी पुढचं विचारणार. माझा सगळा तास या थांबण्यावर चालतो. पण ही मुलं माझी नव्हती. त्यांच्या शाळेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. ती माझ्याकडे बघत गप्प उभी राहिली. एकाने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज येत होता. सभासदांना वाटलं मास्तर विसरला. सुमतीने मान खाली घातली. ती मान मला अजून दिसते.

मी पुन्हा विचारलं, कारण दुसरं काय करणार? ‘पाऊस कोण पाडतो?’

‘इट.’

आवाज मागच्या दारातून आला. जाडा, मिशांमधून आलेला. दारात शांताराम गुरव उभा होता, हातात माझं चष्म्याचं घर. त्याच्या शेजारी सुलभा, पांढऱ्या गणवेशात, आणि मागे आणखी चार जण, सगळे माझ्या वेगवेगळ्या सालांचे. चष्मा आरेतच राहिला होता. मी सापडेन म्हणून शांताराम काल संध्याकाळी घाटकोपरला गेला, तोवर मी निघालो होतो. त्या दोघांनी घर उघडून पाहिलं तर आत पत्र, पत्रात हॉलचा पत्ता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की वर्ग आला.

‘अंधार कोण करतो?’ मी विचारलं.

‘इट,’ सहा जणांनी सांगितलं.

‘उशीर कोण लावतो?’

आता मधल्या रांगांतूनही आवाज आले. त्या पंचक्रोशीत अठरा वर्षं दुसरा इंग्रजीचा मास्तरच नव्हता. कोणी कारखान्यातला फिटर, कोणी कचेरीतला शिपाई, एकेक जण खुर्ची मागे सारून उभा राहू लागला. बसून उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती.

‘मग हा इट राहतो कुठे?’

‘पत्ता नाही, सर,’ अर्धा हॉल म्हणाला. पुढची बूट-मोजेवाली मुलं मागे वळून आपल्या बापांकडे बघत होती. आपला बाप उभा राहून इंग्रजीवर हसतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. हात वर धरून उभ्या असलेल्या मुलाने हात खाली घेतला आणि ओरडायला तोंड उघडून तयार राहिला.

मग मी के काढला. दारात कोण उभा, करतो काय. पोरं आता मागच्यांचं ऐकून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. ‘मग हाकलू काय?’ मी विचारलं. ‘नको सर, घरचा आहे,’ असं सगळा हॉल म्हणाला. सुमतीचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला.

त्यानंतर शांतारामने पुढे येऊन चष्मा माझ्या हातात दिला. ‘आमी चष्मो देऊक इलंव,’ एवढंच म्हणाला आणि तिथेच ताठ उभा राहिला.

मी चष्मा लावला आणि हॉलकडे पाहिलं. सगळे उभे. मागच्या रांगेतल्या, माझ्या हाताखाली कधीच न शिकलेल्या बायाबापड्यासुद्धा बाकीच्यांचं बघून उभ्या.

‘तात्या,’ सुलभा दारातूनच म्हणाली, ‘यांच्यामुळे मी आज इस्पितळात आहे. तुम्ही त्या खिडकीतून नुसता आवाज ऐकलात. आत यायचं होतं ना.’

तात्या घाडीगावकरांनी समोरच्या कागदावर लिहिलेलं पाहिलं, पेन उचललं आणि त्यावर एक आडवी रेघ ओढली. ‘सुतळीला दुसरा माणूस बघू,’ ते म्हणाले. ‘इंग्रजी यांच्याकडेच राहील. कोणाची हरकत?’

कोणाची नव्हती. पण कोणी बसतही नव्हतं. कमिटीचे सेक्रेटरी चहाच्या किटल्या घेऊन आले आणि ते शंभर माणसांना उभं बघून दारातच थबकले. पुढच्या मुलांपासून मागच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खुळ्यासारखा त्यांच्याकडे. तेव्हा मला दिसलं, की टेबलामागे तात्याही उभे आहेत. केव्हा उठले, देव जाणे. एक हात टेबलावर टेकून ते माझ्याकडे जरा झुकले.

‘सर,’ ते हळूच म्हणाले, ‘आता बसायला सांगा की. माझे गुडघे दुखतायत.’

‘सिट डाऊन,’ मी म्हणालो.